पन्नास पाठवायला बत्तीस

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, ती बँकेत जायची. दुकानातून निघताना गळ्यातली मापाची टेप काढायला हमखास विसरायची. मग बँकेच्या काचेच्या दारात स्वतःला बघून ती टेप गुंडाळून खिशात कोंबायची. दुसऱ्या हाताला मुंगी असायची. मुंगी म्हणजे तिची लेक, अडीच वर्षांची. वाटेत दिसेल ते उचलून, आपल्याला झेपेल का याचा विचार न करता ओढत न्यायची सवय, तान्हेपणीच पडलेलं नाव खरं करणारी. त्या दिवशी एक रिकामं खोकं होतं. ते बँकेत आलं, रांगेत उभं राहिलं, आणि रांग सरकली तसं तेही सरकलं.

काम तिचं कपडे दुरुस्तीच्या दुकानात. पँटी आखूड करायच्या, कमरेत घ्यायच्या, चेन बदलायच्या. मालकीणबाई बऱ्या होत्या, म्हणजे मुंगीला कापायच्या टेबलाखाली बसू द्यायच्या आणि त्याचे पैसे कापायच्या नाहीत. दिवसभर लोक यायचे, स्टुलावर उभे राहायचे, ती त्यांच्या पायांशी बसून टाचण्या लावायची. माणसांचे घोटे तिला चेहऱ्यांपेक्षा जास्त ओळखीचे झाले होते. संध्याकाळी खोलीवर गेलं की मुंगीशी बोलायचं, आणि मुंगी झोपली की कोणाशीच नाही. कधीकधी नळ सोडून ठेवायची, आवाज व्हावा म्हणून. पाण्याचं बिल आल्यापासून तेही बंद केलं.

तीन नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी चष्मा नाकावर ओढला. वर्षा-दोन वर्षांत निवृत्त होणार होत्या, आणि त्यामुळे कोणाचीही भीडभाड ठेवत नव्हत्या.

"आलात? बँकेचं सगळ्यात तोट्याचं गिऱ्हाईक. म्हणजे तोटा तुमचा हो, आमचं चांगलंच चाललंय."

तिने फॉर्म पुढे सरकवला. परदेशी वायर ट्रान्सफर, म्हणजे बँकेमार्फत तातडीने पैसे. रक्कम पन्नास. घेणाऱ्याचं नाव, नातं वडील, खाते क्रमांक. तो क्रमांक तिला बघावा लागत नसे. नऊ वर्षांची असताना वडिलांनी पाढ्यांसारखा पाठ करून घेतला होता, का तर घराला आग लागली तर कागद जळतील, डोक्यातलं जळत नाही.

"पन्नास पाठवायला बत्तीस," बाई म्हणाल्या. "दर महिन्याला. मी आजवर काही बोलले नाही, म्हटलं ज्याची त्याची हौस. पण पुढच्या महिन्यापासून दर वाढतोय. पन्नास पाठवायला पंचेचाळीस पडतील."

तिने मनातल्या मनात भागाकार केला. पंचेचाळीस म्हणजे आठ पँटी. मुंगीचे बूट पुढच्या महिन्यात घ्यायचे होते, जुन्यातून अंगठा बाहेर यायला लागला होता.

"आता कोणी नाहीये मागे," बाई म्हणाल्या, "बसा. तुम्हाला हे नीट कोणी समजावलंय का?"

कोणी समजावलं नव्हतं. समजावणारा एक माणूस होता. पण तो या पन्नासच्या दुसऱ्या टोकाला बसला होता, आणि साडेतीन वर्षं तिच्याशी बोलला नव्हता.

ते तिचे अप्पा. एका मोठ्या गोदामात चाळीस वर्षं हिशेबनीस होते. घरीही हिशेबनीसच. भाजीची पिशवी आधी कट्ट्यावर रिकामी व्हायची, पावतीशी ताडून बघितली जायची, आणि मग स्वयंपाकाला मिळायची. लहानपणी ती बारीक आणि टोचून बोलणारी, म्हणून तिला 'टाचणी' म्हणायचे. तिच्या प्रगतिपुस्तकावरचा शिक्षकांचा शेरा ते बोटाने झाकायचे आणि म्हणायचे, "गुण वाच. शब्दांत काय, कोणीही काहीही लिहितं. जिथे आकडा नाही, टाचणे, तिथे काहीतरी लपवलंय असं समजायचं."

त्यांना न आवडलेल्या माणसाबरोबर ती इतक्या दूर, परक्या देशात निघून आली, तेव्हा अप्पांनी तिचं खातं बंद केलं. बँकेतलं नव्हे, मनातलं. फोन लावला तर क्रमांक अस्तित्वात नाही म्हणून एक बाई शांतपणे सांगायची. पत्रं पाठवली, तर चारही परत आली, पाकिटावर त्यांच्याच सरळ रेघेसारख्या अक्षरात 'घेण्यास नकार'. मुंगी झाल्याचं पत्रसुद्धा त्यातच होतं.

मग आत्याचा फोन आला होता, अप्पांचं छप्पर गळतंय म्हणून. ती घाईघाईने बँकेत आली होती, पाच महिन्यांची मुंगी खांद्यावर, आणि समोर आला तो फॉर्म भरला होता. वायर. फॉर्मच्या तळाशी एक चौकट होती, 'घेणाऱ्यासाठी संदेश'. चार ओळी, ओळीत पस्तीस घरं, फक्त इंग्रजी अक्षरं चालतील. तिने मराठीच लिहिलं, इंग्रजी अक्षरांत: छपरासाठी. मुलगी झाली. मुंगी म्हणतो. सहा किलो आठशे.

महिन्याभराने आत्या म्हणाली, "अगं, तुझ्या बापाला बँकेने बोलावून पावती दिली. घरी आणून भिंग लावून वाचत बसला होता. नंतर पंचने भोकं पाडून फायलीत लावली. मी विचारलं काय आहे, तर म्हणाला, बँकेचा कागद आहे."

तिला तेव्हा लख्ख कळलं. पत्र परत पाठवणारा तिचा बाप शिक्क्याचा कागद न वाचता परत पाठवूच शकत नाही. ते त्याच्या हाडातच नाही.

त्यानंतर दर महिन्याला तिने पन्नास पाठवले. पन्नास नावालाच, पाठवायची होती ती चौकट. एकशे चाळीस घरांत महिना बसवायची. महिनाभर मनात मजकूर बेतायचा आणि मंगळवारी तो आखूड करून, दुमडून, टीप घालून द्यायचा. मुंगी नऊ किलो शंभर. चार दात. मुंगी बावीस पावलं चालली, तेविसाव्याला पडली. अप्पांना आवडतील म्हणून आकडे. आत्याही पुढच्या वर्षी गेली, आणि त्या टोकाकडून यायची ती एवढीशी खबरही थांबली. अप्पा वाचतात की नाही, पावत्या घरी नेतात की बँकेतच पडू देतात, काही कळायला मार्ग उरला नाही. तरी ती पाठवत राहिली. अंधाऱ्या विहिरीत खडे टाकावेत आणि आवाजाची वाट बघावी, तसं. पंचवीस खडे टाकून झाले होते, आज सव्विसावा.

"हे बघा," खिडकीतल्या बाईंनी फॉर्मच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने चार चौकोन काढले. "ही आमची बँक. हे तुमचे वडील, म्हणजे त्यांची बँक. आमची नि त्यांची थेट ओळख नाही, म्हणून मध्ये ही एक, कधी दोन. आम्ही बत्तीस घेतो. पाच पाठवा नाहीतर पाच लाख पाठवा, बत्तीस. म्हणून मोठ्या रकमेला ते काहीच नाही, आणि तुमच्या पन्नासला मात्र गळफास आहे. पुढे मधली बँक आपला घास काढून घेते. तिथलं चलन करताना दरात थोडं झिजतं, ते तर पावतीवर दिसतही नाही. आणि शेवटी त्यांची बँक, पैसे आत घेतले म्हणून."

"त्यांची पण घेते?"

"घेते म्हणजे? फुकट दार उघडतं का कोणी? तुम्ही इथे कुठे खूण करता बघा." बाईंनी बोट ठेवलं. तीन चौकोन होते: सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, वाटून, सगळा घेणाऱ्याचा. तिची खूण नेहमी मधल्यावर. 'वाटून' हा शब्द तिला बरा वाटला होता. "तुमच्या पन्नासचे तिकडे तीसेक उरत असतील. कधी अठ्ठावीस, कधी तेहतीस. आणि वर वडिलांच्या खात्यातून दर वेळी थोडे जात असणार."

अप्पा म्हणजे एका नाण्याची चूक झाली म्हणून भर उन्हात परत दुकानापर्यंत चालत जाणारा माणूस. आणि ती त्याला दोन वर्षं दर महिन्याला अपुरी रक्कम आणि वर दंड पाठवत होती. त्यांना काय वाटलं असेल? पोरगी पन्नास म्हणते आणि तीस देते? की हिशेब येत नाही, वीस वर्षं शिकवून?

"मग वायर करायची तरी कधी?" तिने विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"घर घेताय, इसार आज संध्याकाळच्या आत पोचायला हवा, तेव्हा. इस्पितळात कोणी आहे नि पैसे भरल्याशिवाय पुढचं हलत नाही, तेव्हा. कॉलेजच्या फीचा शेवटचा दिवस. मोठी रक्कम, घाई, आणि खात्री. एवढं असेल तर वायर, आणि तेव्हा खर्च पाठवणाऱ्याचा, म्हणजे तिकडे पुरी पोचते. पण नंबर दहा वेळा तपासायचा. गेली की गेली, परत बोलावता येत नाही. बाकी घरखर्चाला साधं ट्रान्सफर. तीन-चार दिवस लागतात, पण खर्च दोन. किंवा तीन महिन्यांचं साठवून एकदम पाठवा. सांगा, यातलं तुमच्यात काय बसतं?"

"साध्यामध्ये संदेश लिहिता येतो?"

"बारा अक्षरं. तिकडे कागदही निघत नाही, नुसती खात्यात ओळ उमटते."

बारा अक्षरांत मुंगी बसत नव्हती. कागद नाही म्हणजे पंच नाही, फाईल नाही, भिंग नाही.

मुंगीने काउंटरला साखळीने बांधलेलं पेन खोक्यात घालून खोकं ओढायचा प्रयत्न चालवला होता. साखळी ताणली, खोकं थांबलं, मुंगी चिडली.

"मग मला वायरच लागेल," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला. तो दोरीवर छातीशी लोंबत राहिला. "कोण वाचतं हो ते?" त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता. "मी टाइप करते ना दर महिन्याला. तुमची भाषा कळत नाही मला, पण आकडे कळतात. आधी वाटलं काहीतरी भानगड आहे. मग लक्षात आलं, आकडे हळूहळू वाढतायत. आणि तुमच्या हाताशी ही."

मग तिने सांगितलं. थोडक्यात, एकशे चाळीस अक्षरांची सवय झालेली. पत्रं परत आल्याचंही सांगितलं.

बाईंनी चष्मा परत चढवला. मग कामाचा प्रश्न असावा तसं विचारलं, "पत्रं परत आली. आणि वायर?"

"वायर कशी परत येईल?"

"येते की. घेणाऱ्याने नको म्हटलं तर येते. त्यांच्या बँकेत एक सही करायची, पैसे उलटे. तुमची एक तरी परत आली?"

"नाही."

"पंचवीसपैकी एकही नाही. पत्र फुकट होतं, ते नाकारलं. आणि हे घ्यायला स्वतःचे पैसे जातात, तरी घेतायत. आता तुम्हीच हिशेब करा, मी काय सांगू?"

ती फॉर्मकडे बघत राहिली. आज चौकटीत लिहिलेलं होतं: मुंगी बारा किलो तीनशे, रंग ओळखते, पाच. वरचं सगळं खरं होतं. पण सात महिन्यांपासून प्रत्येक चौकटीत एक गोष्ट नव्हती. मार्चमध्ये मुंगीला दोन वर्षं झाली, आणि त्याच आठवड्यात मुंगीचा बाप आपली बॅग भरून गेला. भांडणही नाही, दार हळू ओढून घेतलं, पोरगी उठू नये म्हणून. त्या मंगळवारी तिला एकही आकडा सुचला नव्हता. तिने लिहिलं होतं: आम्ही सगळे मजेत आहोत. पुढच्या महिन्यापासून परत किलो आणि दात सुरू केले. कोणाला सांगितलं नाही. मालकीणबाईंनाही नाही. ज्यांनी तेव्हा 'हा माणूस टिकणार नाही' म्हटलं होतं, त्यांना तर कोणत्या तोंडाने सांगायचं?

पुढच्या महिन्यापासून पंचेचाळीस. म्हणजे आजचा हा शेवटचा कागद.

"दुसरा फॉर्म देता?"

तिने आधी तिसरी नव्हे, दुसरी नव्हे, पहिली खूण केली. सगळा खर्च पाठवणाऱ्याचा. बाईंनी न विचारता कॅलक्युलेटर वळवून दाखवला: बत्तीसचे त्रेपन्न झाले होते. बूट पुढे गेले. मग तिने चौकट भरली. पाच वेळा खोडलं. शेवटी उरलं ते असं:

मुंगीचे बाबा मार्चमध्ये सोडून गेले.
आम्ही दोघीच. मी काम करते. भागते.
तुमचे बरोबर ठरले म्हणून नाही लिहीत.
आठवण येते म्हणून.

बाईंनी एक एक अक्षर टाइप केलं. या वेळी एकही आकडा नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं. पण त्या इतकंच म्हणाल्या, "त्या साखळीतून पेन सोडवा हो तिच्या हातून, दर महिन्याला एक जातं आमचं."

पुढचा महिना लांबलचक गेला. पहिला मंगळवार आला, आणि जेवणाच्या सुट्टीत ती दुकानातच बसली. काय करायचं ते सुचेना. मालकीणबाई म्हणाल्या, "आज बँक नाही?" ती म्हणाली, "झाली एकदाची." आणि एका कोटाचं अस्तर उसवायला घेतलं, जे उद्या उसवलं तरी चाललं असतं. मनात मजकूर आपोआप बेतला जात होता. मुंगीने आज स्वतः मोजे घातले, एकाच पायात दोन्ही. तो मजकूर जायला कुठे वाट नव्हती. संध्याकाळी तो तिने मुंगीलाच सांगितला. मुंगीला त्यात नवीन काही वाटलं नाही.

नंतरच्या गुरुवारी दुकानातला फोन वाजला. मालकीणबाईंनी रिसीव्हर तिच्याकडे धरला. "बँक आहे. काय केलंस काय?"

"या," पलीकडून खिडकीतल्या बाईंचा आवाज. "तुमच्या नावाने वायर आलीय. घाई काही नाही. पण मला घाई आहे, मी तासाभरात घरी जाते."

मुंगीला कडेवर घेऊन ती जवळजवळ पळतच गेली. टेप गळ्यातच राहिली. बाईंनी काचेखालून एक कागद सरकवला, शिक्का मारलेला.

रक्कम: पन्नास.

"पुरे पन्नास," बाई म्हणाल्या. "एक छदाम कमी नाही. सगळा खर्च पाठवणाऱ्याने भरलाय. त्यांना तिकडे पन्नासाहून जास्त पडला असेल. काय लिहिलंय ते मला नाही कळत. पण शेवटी एक लांब आकडा आहे, तो नीट बघा."

ती खाली बघत होती. चार ओळी, इंग्रजी अक्षरांत, त्यांची भाषा. ते अक्षर यंत्राचं होतं, तरी तिला सरळ रेघेसारखंच दिसलं.

टाचणीस. सव्वीस पावत्या मिळाल्या.
पंचविसांत घट. सव्विसावी बरोबर.
वायर फक्त निकडीला. एरवी फोन. नवा
नंबर खाली. मार्चचे वजन राहिले आहे.

आणि त्याखाली, पाठवणाऱ्याच्या फोनच्या रकान्यात, तो आकडा.

तिने परत वाचलं. कुठे शाबासकी नाही, कुठे 'मी सांगितलं होतं' नाही. पोरीला टाकून गेलेल्या माणसाबद्दल एक अक्षर नाही. सव्विसावा बाजूला ठेवून बाकीचे पंचवीस कागद समोर मांडून त्यांनी वजनाचा तक्ता केला होता, आणि तक्त्यात एक घर रिकामं सापडलं होतं. कदाचित मार्चमध्येच सापडलं असेल. आम्ही सगळे मजेत आहोत हे वाक्य त्यांनी भिंग लावून वाचलं असेल आणि बोटाने झाकलं असेल. तेव्हापासून त्यांना ठाऊक होतं. सात महिने ते तिकडे वाट बघत बसले होते, आणि ती इकडे.

"वाईट काही आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही. हिशेब आहे."

"मग रडताय कशाला? चूक निघाली का?"

"एक निघाली," ती म्हणाली, आणि कागद घडी न करता, सरळ, मापाच्या टेपेबरोबर छातीशी धरून बाहेर पडली.

रविवारी सकाळी ती लवकर उठली. तिकडे दुपार असणार, जेवण होऊन अप्पा खुर्चीत. मुंगी अजून झोपेत, एक पाय पांघरुणाबाहेर. डबा उघडून तिने दवाखान्याचं कार्ड काढलं, लसी आणि वजनं लिहिलेलं. मार्चचा रकाना भरलेला होता. ती त्या महिन्यातही मुंगीला वजनाला घेऊन गेली होती, पाठवायचं मात्र राहिलं होतं. नंबर कागदावरून एक एक करून दाबला, प्रत्येक आकडा दोनदा तपासून.

चार घंटा झाल्या.

"कोण?"

आवाज म्हातारा झाला होता. तिने त्याची तयारी केली नव्हती.

"मी."

पलीकडे खुर्ची करकरली. एक दार कुठेतरी लोटल्यासारखं वाटलं.

"मिनिटाला किती पडतात?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही पडत, अप्पा. इंटरनेटवरून फुकट असतं."

"फुकट काही नसतं." मग कागद चाळल्याचा आवाज आला, पेनाचं टोपण उघडल्याचा आला, आणि खाकरल्याचा. जरा जास्तच वेळ खाकरले.

"हं," ते म्हणाले. "बोल. मार्च."